टॅमॉक्सिफेनचे श्रेय नेमके कोणाला द्यावे?

सांजवात

औषधशास्त्रज्ञ क्रेग जॉर्डन यांचे 9 जून 2024 रोजी निधन झाले. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन या गोळीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असून अनेक मृत्युलेखांत त्यांना 'टॅमॉक्सिफेनचे जनक' म्हटले आहे. गंमत अशी की ते रसायन त्यांनी बनवले नव्हते, ते बनवणाऱ्या कंपनीत ते नोकरीलाही नव्हते आणि कर्करोगाच्या रुग्णांना ते पहिल्यांदा दिले गेले तेव्हा ते लीड्स विद्यापीठात पीएच.डी. करणारे विद्यार्थी होते. मग हे जनकत्व आले कुठून?

मला जे समजले ते असे. जॉर्डन यांचा जन्म 1947 साली टेक्सासमध्ये झाला, पण ते वाढले इंग्लंडमध्ये. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता इस्ट्रोजेनला विरोध करणारी रसायने. त्या काळी गर्भनिरोधक म्हणून या रसायनांचा शोध चालला होता आणि तो जवळजवळ फसलाच होता. प्रबंधाचे परीक्षक होते टॅमॉक्सिफेन बनवणाऱ्या आयसीआय या ब्रिटिश कंपनीतील आर्थर वॉलपोल. 1972 मध्ये जॉर्डन मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर फाउंडेशनमध्ये गेले. तिथे ज्यांच्या हाताखाली त्यांनी गर्भनिरोधकांवर काम करायचे होते ते मायकेल हार्पर जिनिव्हाला निघून गेले होते, त्यामुळे या तरुणाला विषय निवडण्याची मोकळीक मिळाली. त्यांनी वॉलपोल यांच्याशी संपर्क साधला, कंपनीकडून ते रसायन आणि थोडे आर्थिक साहाय्य मिळवले आणि कर्करोगाचा नाद धरला.

पुढचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डीएमबीए हे रसायन दिले की उंदरांच्या माद्यांना स्तनाच्या गाठी होतात. जॉर्डन यांनी डीएमबीए दिल्यानंतर महिन्याभराने, गाठ हाताला लागण्याआधीच, टॅमॉक्सिफेन सुरू केले. थोडे दिवस देऊन थांबवले तर गाठी उशिरा का होईना, पण झाल्या; न थांबवता देत राहिले तर बहुतेक माद्यांना झाल्याच नाहीत. म्हणजे हे औषध कर्करोगाच्या पेशी मारून टाकत नाही, त्यांची वाढ रोखून धरते आणि म्हणूनच ते दीर्घकाळ द्यायला हवे. रोग अंगभर पसरल्यावर शेवटचा उपाय म्हणून ते देण्यापेक्षा शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू करावे, वर्षानुवर्षे चालू ठेवावे आणि ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेनचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत त्यांनाच द्यावे, ही आजची सर्वमान्य पद्धत त्या प्रयोगांतून सुचली. त्या काळी डॉक्टर एक किंवा दोन वर्षांवर थांबत, कारण जास्त दिवस दिल्यास गाठ औषधाला दाद देणार नाही, अशी भीती होती.

माझे मत असे की रेणू बनवणाऱ्यापेक्षा तो कोणाला, केव्हा आणि किती काळ द्यायचा हे शोधणाऱ्याचे श्रेय मोठे. आपल्याला काय वाटते?

जुना_फार्मासिस्ट

लेख नेटका आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ते रसायन 1962 मध्ये चेशायरमधील आल्डरली पार्क येथील प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी तयार केले. तेव्हा त्याला नावही नव्हते, आयसीआय 46,474 एवढा क्रमांक होता. या रेणूची दोन रूपे असतात. त्यांतील एक इस्ट्रोजेनसारखे वागते आणि दुसरे इस्ट्रोजेनला विरोध करते. दोन्हींचे घटक अणू तेच, फक्त अवकाशातील मांडणी वेगळी. ही रूपे एकमेकांपासून शुद्ध स्वरूपात वेगळी काढणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम होते. हार्पर आणि वॉलपोल यांनी त्यांच्या परस्परविरोधी गुणधर्मांवरचा निबंध 1966 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. पहिले रूप चुकून उंदरांना गेले असते, तर जॉर्डन यांचे सगळे निष्कर्ष उलटे आले असते.

आणि वॉलपोल यांना विसरू नका. औषधाला बाजार लहान आहे, सबब प्रकल्प गुंडाळावा, असा विचार 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीत बळावला होता. तेव्हा हा मनुष्य कर्करोगाच्या बाजूने ठाम उभा राहिला. 1977 मध्ये त्यांचे निधन झाले आणि औषधाचे खरे यश त्यांना पाहायला मिळाले नाही. मृत्युलेख दीर्घायुषी माणसांवर भरभरून लिहिले जातात, एवढेच म्हणतो.

रिकामा_पेशवा

हे औषध उंदरांत गर्भ राहू देत नव्हते आणि स्त्रियांमध्ये मात्र त्याने बीजनिर्मितीला चालनाच मिळाली, असे वाचले आहे. पुढे ब्रिटनमध्ये ते वंध्यत्वावरही दिले जाऊ लागले म्हणे. गर्भनिरोधक म्हणून नेमलेल्या गोळीने पाळणे हलवायला सुरुवात केली, तेव्हा विक्री विभागाच्या बैठकीत काय वातावरण असेल, याची कल्पना करून पाहतो आहे.

ग्लासगोवासी

जनकत्वाचा वाद काढायचाच तर आणखी मागे जावे लागेल. मी ज्या शहरात राहतो तिथल्या कर्करोग रुग्णालयाला जॉर्ज बीटसन यांचे नाव आहे. या शल्यविशारदाने 1895 मध्ये स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका 33 वर्षांच्या स्त्रीचे अंडाशय काढले आणि तिच्या गाठी विरघळत गेल्या. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. 'हार्मोन' हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता. मेंढ्यांच्या दुग्धस्रवणाचा अभ्यास करताना, अंडाशयांचा स्तनांतील पेशींवर काहीतरी अंमल असावा, असे त्यांच्या मनात आले होते. ती स्त्री त्यानंतर सुमारे चार वर्षे जगली. मात्र हा उपाय सगळ्यांना लागू पडत नव्हता. ढोबळमानाने तिघींपैकी एकीलाच गुण येई आणि ती एक कोणती, हे आधी सांगता येत नसे.

हे कोडे सुटायला जवळजवळ साठ वर्षे लागली. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचले आणि ते गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच साठून राहते, हे दाखवले. तिथे त्याला धरून ठेवणारे काहीतरी आहे, तोच रिसेप्टर. ज्या गाठीत तो नाही तिला अंडाशय काढूनही काही फरक पडत नाही. आज प्रत्येक बायोप्सीच्या अहवालात जे ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे रिसेप्टर) लिहून येते त्याचे मूळ इथे आहे. जॉर्डनही उंदरांवरील तंत्र शिकायला जेन्सन यांच्याच प्रयोगशाळेत गेले होते.

एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. टॅमॉक्सिफेन येण्यापूर्वी पाळी गेलेल्या स्त्रियांना याच रोगावर भरपूर मात्रेत कृत्रिम इस्ट्रोजेन देत असत आणि त्यानेही काहींच्या गाठी लहान होत. अलेक्झांडर हॅडो यांनी 1944 मध्ये हे दाखवले होते. जे हार्मोन गाठ वाढवते तेच ती मारते कसे, याचे उत्तर हॅडो यांना मिळाले नाही.

मृद्गंध

पहिल्यांदा रुग्णांना औषध देणाऱ्यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग पुढे गेलेल्या 46 स्त्रियांना हे औषध दिले आणि त्यांतील 10 जणींना चांगला गुण आला. हा निबंध 1971 चा आहे. आकडा फार मोठा नाही, जुन्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही साधारण एवढाच गुण येत असे. फरक होता तो त्रासात. त्या गोळ्यांनी मळमळ आणि उलट्या होऊन बायका हैराण होत, तर हे औषध बहुतेकींना सोसले. 'जास्त प्रभावी नाही, पण सोसवते' या वाक्यावर एखाद्या औषधाचे भवितव्य ठरू शकते, हे आपल्या लक्षात येत नाही.

कोकणकन्या

मी हा धागा वेगळ्या कारणाने वाचत होते, कारण ही गोळी मी स्वतः घेते. वयाच्या 44 व्या वर्षी निदान झाले, शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन असे सगळे सोपस्कार झाले आणि शेवटी डॉक्टरांनी ही पांढरी गोळी लिहून दिली. माझ्या अहवालात ईआरचा ऑलरेड स्कोअर, म्हणजे गाठीत हे रिसेप्टर किती आहेत ते सांगणारा अंक, 8 होता. 8 पैकी 8 पडले हे ऐकून आमच्या सासूबाईंनी आनंदाने साखर वाटायची बाकी ठेवली होती. डॉक्टर मात्र खरोखरच म्हणाले की या आजारात हा चांगला अंक आहे, कारण हार्मोनची गोळी लागू पडण्याची शक्यता जास्त.

केमोचे सहानुभूतीने विचारणारे पुष्कळ भेटतात, गोळीचे कोणी विचारत नाही. बसल्या जागी छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफा उसळतात, पदराने वारा घ्यावा लागतो आणि पाच मिनिटांनी त्याच घामाने थंडी वाजते. रात्री दोनदा तरी उशीचा अभ्रा बदलते. पिंढऱ्यांत गोळे येतात. आमच्या आधारगटातील एका बाईंनी दीड वर्षातच गोळी बंद केली आणि घरी कोणाला सांगितलेही नाही. स्ट्रिप आणायच्या आणि कपाटात ठेवायच्या. मी तसे करणार नाही, पण त्यांना दोष देणे मला जमत नाही. आता माझी पाच वर्षे संपत आली असून डॉक्टर दहा वर्षांचा विषय काढत आहेत. हे दहाचे प्रकरण जॉर्डन यांच्याच उंदरांवरून आले आहे का?

सांजवात

कोकणकन्याताई, दिशा त्यांची आहे, पण पुरावा माणसांवरील चाचण्यांचा आहे. ऑक्सफर्डच्या गटाने जगभरच्या चाचण्यांची माहिती एकत्र करून दाखवले की ईआर पॉझिटिव्ह गाठ असलेल्या स्त्रियांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि गोळी थांबवल्यानंतरही तो लाभ बरीच वर्षे टिकतो. त्यानंतर 'ॲटलास' नावाच्या चाचणीत पाच वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने गोळी थांबवली, दुसऱ्याने आणखी पाच वर्षे घेतली. 2012 मध्ये निकाल आला तो 6,846 ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांचा होता. गोळी चालू ठेवणाऱ्यांत या रोगाने 331 मृत्यू झाले, तर थांबवणाऱ्यांत 397. फरक मुख्यतः दहाव्या वर्षानंतर दिसू लागला. रोग उलटण्याचा ज्यांना धोका जास्त त्यांना दहा वर्षांचा फायदा जास्त, असा त्याचा साधा अर्थ. आपल्या बाबतीत तो किती, हे लसिकाग्रंथींची स्थिती आणि गाठीचा आकार पाहून आपले डॉक्टरच सांगू शकतील.

जुना_फार्मासिस्ट

ताई, व्यवसायातली एक गोष्ट आपल्याला सांगणे मला आवश्यक वाटते. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातील सीवायपी 2 डी 6 या एन्झाइममुळे त्याचे अधिक प्रभावी रूप तयार होते. मूळ गोळीपेक्षा तिच्यापासून शरीरात तयार होणारे पदार्थ रिसेप्टरला कितीतरी घट्ट चिकटतात, हे दाखवणाऱ्यांतही जॉर्डन होतेच. आता होते असे की वाफा आणि उदास मनःस्थिती यांवर काही वेळा पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन लिहिले जाते आणि ही दोन्ही औषधे नेमके तेच एन्झाइम अडवतात. कॅनडातील ओंटारिओमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांमध्ये या रोगाने झालेले मृत्यू अधिक आढळले. नंतरचे सगळे अभ्यास याला दुजोरा देत नाहीत, पण व्हेन्लाफॅक्सिनसारखा पर्याय हाताशी असताना धोका पत्करायचा कशाला?

बऱ्याचदा मनोविकारतज्ज्ञ एक चिठ्ठी लिहितात, कर्करोगतज्ज्ञ दुसरी आणि दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठीचा पत्ता नसतो. माझ्या दुकानात अशा दोन चिठ्ठ्या एकाच पिशवीतून निघालेल्या मी पाहिल्या आहेत. सगळ्या गोळ्यांची यादी जवळ ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. वाफा असह्य झाल्या तर गुपचूप गोळी बंद करण्यापेक्षा तक्रार करा. त्यावर उपाय आहेत.

चाफेकळी

मला एक शंका आहे आणि ती भीतीपोटी आहे. माझ्या बहिणीला हीच गोळी सुरू झाली आहे. इंटरनेटवर पाहिले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने टॅमॉक्सिफेनला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेले आहे. हे खरे आहे का? खरे असेल तर ते देतातच कसे?

सांजवात

खरे आहे. ती नोंद 1996 ची आहे. गोळीमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो म्हणून ती नोंद झाली. त्याच मूल्यांकनात, दुसऱ्या स्तनात कर्करोग होण्याची शक्यता हेच औषध कमी करते, असेही नमूद केले आहे. पण इथे मूळ विषयाशी थेट जोडलेली एक हकिकत आहे.

हा धोका रुग्णांच्या मोठ्या आकडेवारीतून ठळकपणे दिसण्यापूर्वीच, 1988 मध्ये, जॉर्डन यांच्या विस्कॉन्सिनमधील प्रयोगशाळेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रतिकारशक्ती नसलेल्या एकाच उंदराच्या अंगात त्यांनी दोन मानवी गाठी वाढवल्या, एक स्तनाची आणि दुसरी गर्भाशयाच्या अस्तराची, आणि टॅमॉक्सिफेन दिले. स्तनाची गाठ थांबली आणि गर्भाशयाची वाढू लागली. एकच औषध, एकच प्राणी, आणि शेजारी शेजारी दोन उलटे परिणाम. ज्या औषधावर आपली कीर्ती उभी आहे त्याच्यात खोट आहे का, हे स्वतःच शोधणारे आणि ते छापून डॉक्टरांना सावध करणारे शास्त्रज्ञ किती असतात? जुना_फार्मासिस्ट यांना मी उत्तर देत असेन तर ते हे आहे. डोरा रिचर्डसन यांचे ऋण मान्य करूनही मी जॉर्डन यांच्याकडे झुकतो, ते या कामामुळे.

चाफेकळी, व्यवहारात हा धोका मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना असतो आणि तोही थोड्यांना. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना सांगायचे, एवढे बहिणीला बजावून ठेवा. पायाला एकाएकी सूज आली किंवा अचानक दम लागला तरी तसेच, कारण रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यताही या गोळीने थोडी वाढते.

मृद्गंध

सांजवात यांनी सांगितलेल्या उंदराच्या प्रयोगाला एक जोडप्रयोग आहे. ज्या माद्यांचे अंडाशय काढले आहेत त्यांची हाडे विरळ होतात. जॉर्डन यांच्या गटाने 1987 मध्ये दाखवले की टॅमॉक्सिफेन आणि तेव्हा कीऑक्सिफेन म्हणून ओळखले जाणारे दुसरे एक रसायन दिल्यास हाडांची घनता टिकते. म्हणजे स्तनात विरोध, हाडात साहाय्य, गर्भाशयात काही अंशी उत्तेजन. अवयवागणिक भूमिका बदलणाऱ्या औषधांचा एक नवा वर्ग यातून उभा राहिला, त्यालाच आज एसईआरएम (सिलेक्टिव्ह इस्ट्रोजेन रिसेप्टर मॉड्युलेटर) म्हणतात. कर्करोगाचे औषध म्हणून बाजूला पडलेले ते कीऑक्सिफेन पुढे रॅलॉक्सिफेन या नावाने 1997 मध्ये हाडांच्या ठिसूळपणावर अमेरिकेत मान्य झाले आणि 2007 मध्ये, स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये प्रतिबंधासाठीही. माझ्या मते जॉर्डन यांचे सर्वांत स्वतंत्र काम हे आहे, टॅमॉक्सिफेन नव्हे.

अष्टविनायक_एक्स्प्रेस

एसईआरएम हा शब्द वाचून थबकलो. 'सहेली' ही आपल्याकडची आठवड्याची गर्भनिरोधक गोळी याच वर्गातली ना?

जुना_फार्मासिस्ट

होय. तिच्यातील औषध सेंटक्रोमन, म्हणजेच ऑर्मेलॉक्सिफेन. ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधले. 'सहेली' 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि 2016 पासून 'छाया' या नावाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातही आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. इंग्लंडमध्ये याच जातीचे औषध गर्भनिरोधक म्हणून नापास होऊन कर्करोगाकडे गेले, आपल्याकडे ते गर्भनिरोधक म्हणूनच उत्तीर्ण झाले. जॉर्डन यांच्यावरील धाग्यात लखनौच्या शास्त्रज्ञांची आठवण निघाली, हे बरे झाले.

परळकर

हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग हा विषय निघाला आहे तर आपल्या मुंबईतले काम राहू नये. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी तरुणपणी लंडनच्या गाईज रुग्णालयातील सहकाऱ्यांबरोबर एक विलक्षण प्रश्न विचारला होता: पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या मासिक चक्रात शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी होते, याचा तिच्या आयुष्यावर परिणाम होतो का? 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या 249 स्त्रियांच्या अभ्यासात चक्राच्या 3 ते 12 या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 54 टक्के, तर इतर दिवशी झालेल्यांपैकी 84 टक्के स्त्रिया दहा वर्षांनी हयात होत्या. पहिल्या दिवसांत इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉनची जोड नसते, ती असावी, असा तर्क निघाला.

मग तो तर्क टाटामध्ये पडताळून पाहिला गेला. एक हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या 5 ते 14 दिवस आधी 500 मिलिग्रॅम हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले. निकाल 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. काखेतील ग्रंथींत रोग पोचलेल्या स्त्रियांपैकी इंजेक्शन घेतलेल्या 65.3 टक्के स्त्रिया पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या, न घेतलेल्यांत हे प्रमाण 54.7 टक्के होते. इतके स्वस्त इंजेक्शन आणि एवढा फरक, तरी जगाने ते उचलले नाही. हेच बोस्टनमध्ये सिद्ध झाले असते तर?

मृद्गंध

परळकर, अभिमान मलाही आहे, पण अर्धाच निकाल सांगणे बरोबर नाही. सर्व एक हजार स्त्रियांचा एकत्रित विचार केला तेव्हा आकडे होते 73.9 आणि 70.2 टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. एका उपगटात दिसलेला लाभ स्वतंत्र चाचणीत पुन्हा दिसल्याशिवाय उपचाराची पद्धत बदलत नाहीत, मग तो बोस्टनचा असो की परळचा. मासिक चक्राच्या मूळ निरीक्षणाबाबतही इतरांचे अभ्यास एकमेकांशी जुळले नाहीत. कामाचे मोल यामुळे कमी होत नाही. निरीक्षणावर न थांबता स्वतःच त्याची यादृच्छिक चाचणी घेणे हीच तर शिस्त आहे.

परळकर

आकडे मान्य आहेत. पण ती पुढची चाचणी घेण्याचा उत्साह कोणाला असतो, हाच माझा मुद्दा आहे. पेटंट नसलेल्या इंजेक्शनमागे पैसा कोण लावणार? जॉर्डन यांना निदान आयसीआय होती.

केतकी_बन

या धाग्यात 'जनक' शब्द इतक्या वेळा आला, म्हणून अँजेला ब्रोडी यांचा उल्लेख करते. मँचेस्टरजवळ वाढलेल्या या बाई त्याच वूस्टर फाउंडेशनमध्ये होत्या आणि नंतर बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठात गेल्या. जॉर्डन इस्ट्रोजेनला रिसेप्टरवर अडवत होते. ब्रोडी यांनी विचार केला की इस्ट्रोजेन तयारच का होऊ द्यावे? पाळी गेल्यानंतर अंडाशय थांबले तरी चरबी आणि इतर ऊतींतील ॲरोमाटेज हे एन्झाइम पुरुषी हार्मोनचे इस्ट्रोजेन करत राहते. ते अडवणारे 4-हायड्रॉक्सिअँड्रोस्टिनडायोन त्यांनी 1970 च्या दशकात विकसित केले, पण त्यात रस घेणारी कंपनी त्यांना बराच काळ मिळाली नाही. 1980 च्या दशकात लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात ते रुग्णांवर वापरले गेले आणि 1984 मध्ये परिणाम प्रसिद्ध झाले. आज पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यांचा मार्ग त्या औषधाने मोकळा केला. माझ्या आईला लेट्रोझोल आहे. वाफा कमी, सांधेदुखी जास्त, आणि हाडांची घनता दरवर्षी मोजावी लागते. रिचर्डसन, कोल आणि ब्रोडी, या तिघींपैकी एकीलाही 'जननी' म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

रिकामा_पेशवा

जनक, जननी, परीक्षक, पुरवठादार, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त उंदीर. त्यांचा सत्कार कोणत्या सभागृहात ठेवायचा ते कळवा, खुर्च्या मी मांडतो.

ग्लासगोवासी

वर मी हॅडो यांचे कोडे सांगून सोडून दिले होते, त्याचा पुढचा भाग जॉर्डन यांचाच आहे आणि त्यावाचून हा धागा अपुरा राहील. टॅमॉक्सिफेन वर्षानुवर्षे दिले की काही गाठी त्याला सरावतात. जॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने अशा गाठी उंदरांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले की पुरेशा दीर्घ काळानंतर अशा गाठीला थोडे इस्ट्रोजेन दिले तर ती वाढण्याऐवजी मरते. इस्ट्रोजेनविना जगायला शिकलेल्या पेशीला तेच इस्ट्रोजेन घातक ठरते. हॅडो यांचे उपचार पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांना का लागू पडत, याचा उलगडा यातून होतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिल्यावर स्तनाचा कर्करोग वाढण्याऐवजी घटल्याचे अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत आढळले, तेव्हा सगळे चक्रावले होते. जॉर्डन यांनी त्याचे स्पष्टीकरण याच कामाच्या आधारे दिले. 2018 मध्ये त्यांना स्वतःला मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे, तेही चौथ्या टप्प्याच्या, निदान झाले होते, तरी ते अखेरपर्यंत या विषयावर लिहीत राहिले.

म्हणून सांजवात यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की टॅमॉक्सिफेनचे श्रेय वाटून द्यावे लागेल, पण इस्ट्रोजेन पेशीला कधी वाढवते आणि कधी मारते, या प्रश्नाचा पन्नास वर्षे पाठपुरावा करण्याचे श्रेय एकट्या जॉर्डन यांचे आहे.

जुना_फार्मासिस्ट

ही वाटणी मला मान्य आहे. फक्त मृत्युलेखांत पहिल्या परिच्छेदात डोरा रिचर्डसन यांचे नाव यावे, ही माझी मागणी कायम आहे.

कोकणकन्या

आज तपासणीला जाऊन आले. काखेतील दोन ग्रंथींत रोग होता म्हणून गोळी पुढे चालू ठेवायची ठरली आहे, वर्षभराने पुन्हा विचार करू असे डॉक्टर म्हणाले. गोळ्यांची यादी नेली होती. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन कमी मात्रेत सुरू केले आहे. आधारगटातल्या त्या बाईंनाही मी हा धागा पाठवला आहे. त्यांना लेट्रोझोलविषयी केतकी_बन यांच्याशी बोलायचे आहे, तर कृपया व्यक्तिगत संदेश पाहावा.